गालातला खडा

आमचे घरमालक रागावले की ओरडत नसत. त्यांचा डावा गाल फुगत असे.

नागभीडला खोली शोधायला निघण्याआधी एवढं एक वाक्य मला कोणी सांगितलं असतं, तर माझी पहिली फजिती टळली असती. पण ज्यांच्या फजित्या टळतात त्यांच्याकडे चार लोकांत सांगण्यासारखं काही उरत नाही, अशी मी आपली समजूत घालून घेतो. ती बऱ्याचदा घालावी लागते.

झालं असं, की वीज कार्यालयात तक्रारीच्या फोनवर माझी नेमणूक झाली आणि मी बॅग घेऊन या घरमालकांच्या फर्निचरच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. दुकानामागे आरा मशीन, मशीनमागे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला भाड्याने द्यायची खोली. नुकतंच एक गिऱ्हाईक त्यांच्या सागवानी दरवाजाला 'खोकं' म्हणून निघून गेलं होतं. हे मला ठाऊक नव्हतं. मला दिसला तो एक पांढऱ्या दाढीचा, ताठ बसलेला माणूस आणि त्याचा फुगलेला गाल.

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला फुगलेल्या गालाचा एकच अर्थ ठाऊक असतो. खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून दुकानदार तो घासत राहतो, आणि आपण समोर उभे राहून तो घासून होण्याची वाट पाहतो. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण द्यायला कोणी विसरेल, पण समोरच्याला खर्रा विचारायला विसरणार नाही. मी तर त्या बाबतीत फार संस्कारी. खिशातली पुडी सोडली, पुढे केली आणि आपुलकीने म्हणालो, "घ्या चाचा, तोंडातला संपतच आला असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तळहात तोंडाखाली धरला आणि त्यावर एक खडा काढून ठेवला. वैनगंगेच्या वाळूत मिळतो तसला, गुळगुळीत, बोरीच्या बीएवढा.

"हा खाता का?" ते म्हणाले.

मी पुडी खिशात घातली. खोली मला मिळाली, ती मात्र एका अटीवर: अंगणात लाल पिचकारी दिसली तर त्याच दिवशी बॅग फाटकाबाहेर.

खड्याचं कारण मला चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पुढे सांगितलं. पैगंबरांचे एक सोबती आपल्या जिभेला आवर घालण्यासाठी तोंडात खडा ठेवत, असं चाचांनी कुठेतरी ऐकलं होतं. "त्यांची जीभ कशी होती कुणास ठाऊक," चाची तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आमच्यावाल्याच्या जिभेले खडा पुरत नाई. पहाड पाह्यजे."

थंडीतल्या पहिल्या पहाटे मला दुसरा धक्का बसला. अंगणातून आवाज आला, खणखणीत: "चल! उठ! जिहाद कर!"

मी गोधडीत जागच्या जागी आडवाच ताठ झालो. रोज संध्याकाळी टीव्हीवर चार चौकटींतले चार लोक हा शब्द एकमेकांच्या अंगावर फेकत असत, आणि मी जेवता जेवता ते मन लावून पाहत असे. त्यामुळे या शब्दाविषयी मला पुष्कळ माहिती होती आणि ज्ञान काहीच नव्हतं. मी उठलो आणि लोखंडी पेटी ढकलून दाराला लावली. त्या पेटीत माझे कपडे आणि एक प्रेशर कुकर होता. एवढ्याने काय थांबणार होतं, ते आजही मला सांगता येणार नाही.

उजाडल्यावर मी कुंपणापाशी गेलो आणि शेजारच्या धान कांडणाऱ्या बाईंना दबक्या आवाजात विचारलं, "बाई, सकाळी ऐकलं का तुम्ही?"

"कोनतं?"

"ते... जिहाद."

"अवो, तो थंड्या पान्याले भेते!" बाई खळखळून हसल्या. "नमाजाच्या आधी हातपाय धुवाचे राह्यते न त्याले. हिवाळा लागला का असाच सोतावर वरडते. निदान उठते तरी. आमचा बुढा तं सूर्य डोक्यावर आला तरी पाय बाहेर काढत नाई."

आणि कुंपणावरून ओरडल्या, "भाऊ, तुमच्या भाडेकरूनं पेटी लावली न दाराले!"

त्यांना पेटीचं कसं कळलं? नागभीडला भिंतींना कान नसतात, थेट डोळे असतात.

चाचांनी ते मनावर घेतलं नाही. गाल मात्र दुपारपर्यंत फुगलेला होता.

हा माणूस तो शब्द सगळीकडे वापरायचा आणि मोठ्याने वापरायचा. चाचांना साखरेचा आजार होता, हॉटेलात जिलेबी तळत असली की रस्ता ओलांडून पलीकडून जायचे आणि पलीकडून मला हाक मारून सांगायचे, "जिहाद चालू हाय!" हॉटेलातलं सगळं गिऱ्हाईक माझ्याकडे पाहायचं. गिऱ्हाइकाने भावात घासाघीस केली की जिहाद. आरा मशीनवरच्या माणसाने फळी वाकडी कापली की जिहाद. आणि संध्याकाळी अंगणात खाट टाकून बसले की स्वतःलाच विचारायचे, "आज कोन जितलं?" त्याचं उत्तरही तेच द्यायचे. कधी "मी." बहुतेक वेळा आकाशाकडे पाहत, "तो." तो म्हणजे राग.

माझ्या नोकरीचा त्यांना हेवा वाटायचा. हो, हेवाच. लाईट गेली की सारा तालुका मला फोन करतो आणि माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करतो. ट्रान्सफॉर्मर जळतो तिकडे, चटके बसतात मला. हे मी एकदा रडगाणं म्हणून सांगितलं तर चाचांचे डोळे चमकले.

"म्हंजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकं तुमाले शिव्या देतेत, अन् तुमाले उलटून बोलाची परवानगी नाई?"

"नाही."

"अन् वरतून पगार भेटते?"

"भेटतो."

"वा! आमाले सोतानं खडा शोधा लागते. तुमाले तं सरकारनंच देल्ला."

एका संध्याकाळी मी धीर करून विचारलंच, की चाचा, या शब्दाचा खरा अर्थ काय?

"अर्थ पाह्यजे का मनातलं भेव काढून पाह्यजे?"

"दोन्ही."

"दोन्हीचं भाडं अलग अलग हाय," असं म्हणून ते खाटेवर सरकून बसले. "जिहाद म्हंजे मेहनत. कोशिश. पन अशी तशी नाई, जीव लावून. चांगलं कराची, वाईट रोखाची. अन् पयली कुस्ती सोतासंगच."

मी मोठा मुद्द्याचा माणूस. म्हणालो, "पण लढाईपण आहेच ना त्यात? टीव्हीवर..."

चाचींचा तांदूळ निवडणारा हात थांबला. मला वाटलं, आता गाल फुगणार. पण फुगला नाही.

"हाय," चाचा म्हणाले. "खोटं काऊन बोलू? लढाई बी हाय. किताबात हाय, इतिहासात हाय. जुलूम झाला, अंगावर कोनी आलं, तं हाय. पन तिले कायदे हायेत. कोनी बी सकाळी उठला, त्याच्या मनात आलं, अन् त्यानं पुकारली, असं नाई चालत. बाईमानसाले, लेकराले, म्हाताऱ्याले, आपल्या पूजेत बसलेल्या मानसाले हात लावाचा नाई. फळाचं झाडसुद्धा तोडाचं नाई."

"मग तुमची आरा मशीन?" मी विचारलं.

आता फुगला. चाची तोंडाला पदर लावून आत गेल्या. बऱ्याच वेळाने खडा बाहेर आला आणि चाचा म्हणाले, "सागाले कोनतं फळ लागते? पन सवाल चांगला होता. मले बी पडते कधी कधी."

मशिदीत नवे, तरणे मौलाना आले होते. चाचांनी त्यांना आपली आवडती रिवायत, म्हणजे पैगंबरांचं म्हणून सांगितलं जाणारं वचन, ऐकवली, की रणांगणातली लढाई लहान आणि मनातली मोठी. मौलाना शिकलेले. ते नम्रपणे म्हणाले, "चाचा, बात अच्छी है, पण ही रिवायत बऱ्याच जाणत्या आलिम लोकांनी कमजोर ठरवली आहे. स्वतःच्या मनाशी लढायचं हे बरोबरच. पण हे वाक्य पैगंबरांचंच, असं खात्रीने सांगता येत नाही." त्या दिवशी चाचा घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. जेवण झालं, चहा झाला. अंधार पडता पडता त्यांचा फैसला झाला.

"रिवायत कमजोर असन," ते मला म्हणाले. "माझा राग कमजोर नाई न."

मी एकदा त्यांना शहाणपण शिकवायला गेलो. म्हटलं, चाचा, तुमचं म्हणणं लाखमोलाचं, पण शब्द बदला. कोशिश म्हणा, मेहनत म्हणा. लोक दचकतात. उगाच कुणी भलतंच समजलं तर?

त्यांनी माझ्या खोलीकडे बोट दाखवलं. "तुमच्या पयले त्या खोलीत एक भाडेकरू होता. गोड बोलाचा. मागून समजलं, तो आतमंदी जुगार चालवून राह्यला. साऱ्या गावात माझ्या घराचं नाव पडलं 'जुगारवालं घर'. मी काय केलं? घर सोडून पळालो का? त्याले हाकललं, भिताडाले चुना मारला, अन् रोज दारात खुर्ची टाकून बसलो, का पाहा लोकहो, हे माझं घर हाय. ह्या शब्दात बी तसेच भाडेकरू घुसले. बंदूकवाले घुसले. टीव्हीवाले घुसले. म्हनून मालकानं घर सोडाचं? मी तं दारात खुर्ची टाकूनच बसन."

यावर मी खर्रा तोंडात टाकला आणि अटीची आठवण होऊन फाटकाबाहेर पळालो.

त्या प्रसंगानंतर चाचांनी खर्रा हा माझा जिहाद म्हणून जाहीर केला. मला कोणी विचारलं नाही. रोज संध्याकाळी मी कार्यालयातून आलो की खाटेवरून प्रश्न यायचा, "आज कोन?" आणि मी चप्पल काढता काढता म्हणायचो, "खर्रा." ते मान हलवायचे. कधी रागावले नाहीत, कधी उपदेश केला नाही. "उद्या पाहू," एवढंच. मला उपदेश परवडला असता. उपदेशावर चिडून माणूस आणखी एक पुडी उघडू शकतो. 'उद्या पाहू'वर काय उघडणार?

हे सगळं गमतीचं वाटत होतं, म्हणजे मला. खड्याच्या मागे काय आहे, ते चाचींनी घुग्घुसला जायच्या आदल्या दिवशी सांगितलं, तोपर्यंत.

त्यांची एकच लेक. तिला घुग्घुसला दिली. जावई कोळशाच्या खाणीत, पाळीच्या कामावर. लग्नात चाचांनी आपल्या दुकानातला सागवानी पलंग दिला होता. एका ईदला जावई रात्रपाळी संपवून, झोप न घेता, मोटरसायकल हाणत थेट नागभीडला आला. सगळे जेवायला बसले. बोलता बोलता तो म्हणाला, पलंगाची एक पट्टी तडकली आहे, मामू, एकदा पाहाल का.

लाकडाच्या व्यापाऱ्याला, भरल्या दस्तरखानावर, पंगतीत, नातेवाइकांसमोर. चाचा भडकले. म्हणाले, "कोयला ढोनेवाले को सागवान का क्या मालूम?"

जावयाने हातातला घास खाली ठेवला. हात धुतले. आल्या पावली मोटरसायकल वळवली. त्यानंतर तो या घराची पायरी चढला नाही. लेक एकटी यायची, पुढे तीही कमी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, सगळ्यांचंच होतं. हिने तेही घुग्घुसलाच करायचं ठरवलं. चाची डबे-बोचकी घेऊन तिकडे जायला निघाल्या होत्या, तेव्हाच त्यांनी मला हे सांगितलं.

"अन् साहेब, सांगू का? पट्टी खरंच कच्ची होती. लग्नाची घाई होती, लाकूड सावलीत पुरतं वाळलंच नोतं. याले मालूम होतं. ते मालूम होतं म्हनूनच एवढा भडकला."

नातवाच्या अकीक्याला, म्हणजे बाळाच्या नाव ठेवण्याच्या जेवणाला, लेकीने बापाला फोन केला. बोलावणं होतं, पण अट घालून. बाळ पाहायला येणार असाल तर येऊ नका, अब्बा. तुमच्या जावयासाठी येणार असाल तर या.

चाचींनी घुग्घुसवरून मला फोन केला. "त्याईले एकटं सोडू नोका. यावेळी जर तिथी काही बोलले, तं माझी लेक गेली."

अशा रीतीने तो जिहाद सांभाळण्याचं काम माझ्यावर आलं. ज्याला एक पुडी सांभाळता येत नाही त्याच्यावर.

नागभीडहून चंद्रपूरच्या एसटीत बसलो. चाचा नवा कुर्ता घालून खिडकीशी. तोंडात खडा नव्हता, पण कुर्त्याच्या खिशात होता आणि हात खिशात होता. सिंदेवाही मागे पडलं आणि पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईने मागे वळून सहज विचारलं, "कुठी चाल्ले, भाऊ?"

"घुग्घुसले," चाचा म्हणाले. आणि आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात, "जिहादले."

बस शांत झाली. एसटी बस शांत होऊ शकते हे मला त्या दिवशी कळलं. एरवी तिचे पत्रे तरी बोलत असतात. मागे कोणीतरी मोबाईल वर काढल्यासारखं मला वाटलं. कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून आमच्याकडे पाहत राहिला.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी उठून उभा राहिलो आणि साऱ्या बसला उद्देशून म्हणालो, "काही नाही, काही नाही. पेशंट आहेत. चंद्रपूरला दाखवायला नेतोय. डोक्याचं आहे."

"अरेरे," पुढची बाई म्हणाली. कोणीतरी खिडकी उघडून दिली. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. कंडक्टर हळू आवाजात म्हणाला, "चंद्रपूरले चांगला डॉक्टर हाय, माझ्या साळ्याले फरक पडला."

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी खडा तोंडात टाकला होता. गाल असा फुगलेला मी कधी पाहिला नव्हता. मूल गावाच्या अलीकडे ड्रायव्हरने गतिरोधकावर गाडी उडवली आणि खडा गोळीसारखा तोंडातून सुटून सीटांखाली गेला.

"गोळी पडली पेशंटची!" पुढची बाई ओरडली. झालं. अर्धी बस वाकली. लोकांनी सीटांखालून काय काय काढलं: एक बाळाची चप्पल, शेंगांची टरफलं, कुणाचं तरी हरवलेलं किल्ल्यांचं जुडगं. खडा मिळाला नाही. माणसं मात्र हळहळत राहिली. ज्यांनी जरा आधी मोबाईल काढला असेल, तेसुद्धा.

मूल गाव मागे पडल्यावर चाचा एवढंच म्हणाले, "साहेब, मले पागल ठरवलं तुमी."

"चाचा, मला वाटलं..."

"मालूम हाय काय वाटलं. तुमी भेलात." मग खिडकीची काच खाली ओढली. "आज तुमच्यावर मले लय राग आला, पन आज तो खर्च नाई कराचा. आज पुढं काम हाय."

चंद्रपूरला गाडी बदलली. घुग्घुसला उतरलो तेव्हा कोळशाच्या ट्रकांनी रस्त्यावरची धूळ उडवली होती आणि चाचांचा नवा कुर्ता उतरल्या उतरल्या जुना झाला. जावयाच्या गल्लीच्या तोंडाशी मांडव दिसला. चाचा थांबले. खिसा चाचपला. रस्त्याकडेला खडा दिसतो का ते पाहिलं. सगळीकडे कोळशाचा चुरा.

"काही तरी द्या," ते म्हणाले. आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता. "तोंडात धराले काही तरी द्या. मी असाच गेलो तं बोलून जाईन."

माझ्याकडे काय असणार? पुडी सोडली, तिच्यातला सुपारीचा सगळ्यात मोठा तुकडा निवडला, रुमालाला पुसला, पुन्हा पुसला, आणि दिला. त्यांनी तो जिभेखाली धरला. तुकडा कितीही पुसला तरी तंबाखूत मुरलेला होता. आयुष्यभर ज्याने तंबाखूचा वाससुद्धा घेतला नाही त्याच्या तोंडात तो जातो आहे, हे लक्षात यायला मला जो वेळ लागला तेवढ्यात आम्ही मांडवात पोचलो होतो.

व्याही पुढे आले. पाव्हण्यांना मांडीला मांडी लावून बसवलेलं. चाची स्वयंपाकघराच्या दारात, मागे लेक बाळ घेऊन. जावई देगच्यांपाशी उभा होता, तो वळला. चाचा त्याच्याकडे दोन पावलं चालले. मग थांबले. कपाळावर घामाचे मोठे थेंब आले, चेहरा हिरवट झाला, आणि आमचा लढवय्या मांडवाच्या खांबाला धरून हळूहळू खाली बसला.

एकच गोंधळ. "हार्ट अटॅक!" कुणीतरी म्हणालं. मला वाटलं आता धरणीने मला पोटात घ्यावं. खाणींमुळे घुग्घुसला तिची तशी तयारीही असते.

सगळ्यांच्या आधी जावई धावला. त्याने चाचांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंड उघडलं, वास घेतला. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहण्यासाठी मी पुन्हा तीच चूक करायला तयार आहे.

"खर्रा?" तो म्हणाला. "मामू ने खर्रा खाया?"

चाची कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. "नींबू लाओ," जावई ओरडला. "काही नाई झालं. खदानीत नवीन पोरं येतेत न, पहिल्या दिवशी असेच पडतेत." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पुडी तशीच होती.

लिंबू आलं, पाणी आलं. हिरवटपणा ओसरला. आणि मांडवात हसू फुटलं. ज्याच्या अंगणात खर्ऱ्याची एक पिचकारी चालत नाही तो म्हातारा खर्रा खाऊन पडला, ही गोष्ट घुग्घुसमध्ये अजून सांगत असतील. व्याही चांगला माणूस. तो हसतच म्हणाला, "हो गया, हो गया. जाने दो पुरानी बातें. दामाद की गोद में सर रख दिया, अब और क्या बाकी है? चलो, खाना लगाओ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही पुडी खिशात घातली. म्हटलं, माझ्या मूर्खपणाने का होईना, दरवाजा उघडला.

चाचा उठून बसले. लिंबाची फोड तोंडातून काढून बाजूला ठेवली.

"नाई," ते म्हणाले. "मैं लेटने नहीं आया था."

हसणं थांबलं. चाचांनी जावयाचा हात धरला. नखांच्या कडांत न धुतला जाणारा कोळसा होता. त्या हाताकडेच पाहत ते बोलले. मोठ्याने नाही, पण मांडवात इतकी शांतता होती की देगचीतला रस्सा ऐकू येत होता.

"उस दिन मैंने तेरे काम को गाली दी. तू रात भर का जागा हुआ था, मेरे दस्तरखान पे बैठा था." थांबले. पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं. मला वाटतं आधीच्या वाक्यापेक्षा जड. "और लकड़ी कच्ची थी. मुझे मालूम था. गलती मेरी थी."

चाची पदराने डोळे पुसू लागल्या. जावई मान खाली घालून बसला होता. मग म्हणाला, "वो पट्टी मैंने बदल दी, मामू."

"अच्छा किया."

"बबूल की लगाई."

सागवानी पलंगाला बाभळीची पट्टी! साऱ्या नागभीडमध्ये हे वाक्य चाचांच्या तोंडावर बोलण्याची कुणाची छाती नव्हती. जावयाने ते सहज सांगितलं, की मुद्दाम सांगून पाहिलं, मला आजही ठरवता येत नाही. चाचींचा पदर डोळ्यांवरच थांबला. लेक बाळासकट एक पाऊल पुढे आली. मी चाचांचा डावा गाल पाहिला. तो हलला. तोंडात खडा नव्हता, सुपारी नव्हती, लिंबूसुद्धा नव्हतं. गाल एकदा आत गेला, एकदा बाहेर आला.

"टिकी है?" चाचांनी विचारलं.

"टिकी है."

"तो फिर अच्छी लकड़ी है."

तेव्हा लेकीने बाळ आणून त्यांच्यापुढे धरलं. चाचांनी ते घेतलं नाही, आधी जावयाकडे पाहिलं. त्याने मान हलवल्यावर घेतलं.

परतताना एसटीत ते खिडकीला टेकून बसले होते. मला राहवलं नाही. विचारलं, "चाचा, आज कोन?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "बबूल," ते म्हणाले आणि झोपले.

पुढे माझी बदली कोरपन्याला झाली. इथे तक्रारीचा फोन आहे, शिव्या आहेत आणि चौकात खर्रा घासणारा माणूस आहे. निघताना चाचांनी मला एक खडा दिला. माझा हरवलात म्हणून हा तुमाले, असं काहीतरी उलटं गणित सांगून. मी तो टेबलाच्या खणात ठेवला आहे. कधी कधी तोंडात धरतो. मग समोर आलेला प्रत्येक जण माझा गाल पाहून हात पुढे करतो: "साहेब, थोडा इकडे बी." मी खडा काढून दाखवतो. लोक वाईट नजरेने पाहतात. चिक्कू माणूस, पुडी लपवून दगड दाखवतो म्हणतात.

परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागे आरा मशीनची घरघर आणि बाळाचं रडणं ऐकू येत होतं, आणि जावयाचा आवाज, चाचांना कुठलीतरी फळी नीट धरा म्हणून सांगणारा. म्हणजे जावई नागभीडच्या अंगणात आला होता. मी खूश होऊन बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांनी विचारलं, "आज कोन?"

मी बोलू शकलो नाही. तोंड भरलेलं होतं, आणि खड्याने नाही.

चाचांनी ती शांतता ऐकली.

"समजलं," ते म्हणाले. "उद्या पाहू."